उपडा डबा

त्या दिवशी सकाळीच ऊन असं पेटलं होतं की बजाजनगरच्या आमच्या गल्लीत माणसांच्या चपला डांबराला चिकटत होत्या. वारा नाय, सावली नाय. टँकर आलेला, आणि प्रत्येकाचं डोकं रिकाम्या घागरीसारखं तापलेलं. त्या रांगेत मी होतो. मी एक रंगाचा डबा, वीस लिटरचा, कडी तुटलेला.

बाबांनो, मला घाई जमत नाय. हळूहळू सांगतो.

माझ्यातला रंग संपला तेव्हा पिशोर गावाहून आमच्या गल्लीत राहायला आलेल्या गोकुळनं मला उचललं. तो पेंटरच्या हाताखाली होता. परांचीवर उभं राहून तो एक शिकला, खालचा माणूस कितीही ओरडू दे, आपला पाय लटपटू द्यायचा नाय. ते काम सुटलं. मग करमाडच्या ढाब्यावर माझ्यात पाणी भरून तो टेबलं पुसायचा. तिथला मालक सांगायचा, "भांडखोर गिऱ्हाईक आधी बसवायचं रे. उभा माणूस हात उगारतो, बसलेला नुसता बोलतो." पुढं तो कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. मला उपडा घालून वर बसायचा, आणि येणाऱ्याच्या तोंडाकडं नाय, हाताकडं बघायचा.

शेजारचे रामकिसनकाका त्याला हसायचे. "धरसोड्या हाय नुसता! आज इथं, उद्या तिथं."

गोकुळ पोलिसात भरती झाला, तरी टोमणे थांबले नायत. उलट धार आली. "आता आपल्यावरच काठी चालवंल." गल्लीनं त्याच्याशी बोलणंच सोडलं. मला लई लागायचं, पण डब्याचं ऐकतो कोण?

तर त्या दिवशी ड्यूटीवर निघायच्या आधी गोकुळ वर्दीतच रांगेत उभा होता. मी काठोकाठ भरलो. मागं काकांचा नंबर आला, आणि पाइप कोरडा पडला.

"संपलं," टँकरवाला सांडू म्हणाला.

"संपलं? पोलिसाला बरं पुरलं!" काका कडाडले. चाक खोलायची लोखंडी टॉमी त्यांनी केबिनमधून ओढली आणि सांडूच्या डोक्यावर उगारली. "आज तुझं टाळकंच फोडतो!"

मागून कुणीतरी चिथावलं, "हाणा काका! बघू वर्दी काय करती!"

गोकुळ ओरडला नाय. त्याची नजर काकांच्या हातावर. त्यानं मला उचललं, सगळं पाणी काकांच्या घागरीत ओतलं आणि मला त्यांच्यापुढं उपडा ठेवला.

"पाणी तुमचं, काका. ते लोखंड माझ्याकडं द्या. आधी बसा."

काका घागरीकडं बघत राहिले. हात हळूहळू खाली आला. टॉमी गोकुळकडं गेली, आणि काका असे धपकन बसले की माझ्या बुडाला तडा गेला.

आता माझ्यात पाणी ठरत नाय. टँकरच्या जागेवर मी उपडा पडून असतो. कुणाचं भांडण पेटलं की त्याला माझ्यावर बसवतात. म्हणून हात नसताना हात जोडतो, मला भंगारात घालू नका. अजून माणसाचं वजन पेलतो मी.

तड्याचं दुःख नाय मला. त्या दिवशी माझ्यावर बसल्या बसल्या, मान वर न करता, काका गोकुळला जे म्हणाले ते अजून माझ्या पोटात घुमतंय:

"वर्दीला भिऊन बसलो नाय मी. तुझ्या घरात पाणी हाय का रे, धरसोड्या?"