मी दाखवलेला निम्मा आकडा

मी डॉप्लरचा प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा आवाज सोडणारा दांडा, बोलतोय. मान वर करून सांगावं असं माझ्याकडे काही नाही, तरी सांगतो.

एका प्रयोगशाळेत मला पाण्याच्या टाकीत क्लॅम्पने धरून ठेवलंय. समोर एक नळी. तिच्यातून पंपाने रक्तासारखा द्रव फिरत असतो आणि त्यात सोनोग्राफीचं कॉन्ट्रास्ट औषध मिसळतात. औषध म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे. मी वाहत्या द्रवावर आवाज सोडायचा, बुडबुड्यांवरून परत येईल तो ऐकायचा. बुडबुडे जास्त, तर पडद्यावर आकडा मोठा. एवढंसं काम, पण माझा रुबाब मोठ्या साहेबाचा.

औषध मोजून घालायच्या मावशी. पंचवीस वर्षं त्याच टेबलाशी उभ्या होत्या. हात जरा थरथरायचा, पण सिरिंजवरची रेघ कधी चुकली नाही.

एका सकाळी संशोधन करणाऱ्या मॅडमनी औषध वाढवत न्यायला सांगितलं. आधी माझा आकडाही वाढला. मग मावशींनी चौपट औषध घातलं आणि मी आधीच्या निम्माच आकडा दाखवला.

नक्की घातलंत का, मॅडमनी विचारलं. मोजूनच घातलं, असं मावशी म्हणाल्या. चष्मा पुसून, नवा द्रव भरून त्यांनी पुन्हा घातलं. पुन्हा निम्मा. तिसऱ्यांदाही तेच.

"मशीन कशाला खोटं बोलेल, मावशी?" मॅडम म्हणाल्या. रागाने नाही, थकून.

मावशी आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "माझंच चुकत असेल."

दुसऱ्या दिवसापासून त्या बाटल्या धुवायला लागल्या.

जे ऐकू आलं तेच सांगितलं, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण नळीत माझ्याकडच्या बाजूला बुडबुड्यांची इतकी दाटी झाली होती की माझा आवाज त्यांनीच गिळला. मागच्या बुडबुड्यांपर्यंत तो पोचलाच नाही. मी अर्धवट ऐकलं आणि पूर्ण ऐकल्याच्या थाटात सांगितलं. याची मला फार लाज वाटते.

आठवड्याने मॅडमनी स्वतःच्या हाताने चौपट औषध घातलं. आकडा पडला. वैतागून त्यांनी नळीत साधं पाणी सोडलं, औषध पातळ झालं, आणि माझा आकडा चढू लागला. मावशींचं माप बरोबरच होतं, हे मॅडमना कळलं. मग त्या थेट मोरीपाशी गेल्या आणि सगळ्यांदेखत मावशींची माफी मागितली.

मावशी टेबलाशी परत आल्या. पण आता सिरिंज भरली की ती उजेडात धरून शेजारच्याला विचारतात, "बघा हो जरा, एवढंच आहे ना?" पंचवीस वर्षांत त्यांनी असं कुणाला विचारलं नव्हतं.

तुम्ही कधी त्यांच्या शेजारी उभे असाल, तर नुसतं हो म्हणू नका. त्या दिवशीही तेवढंच होतं, हेही सांगा. मला फक्त आकडा दाखवता येतो.