रेशनकार्डात नसलेली लेक

मित्रांनो, मी एक जुनं रेशनकार्ड आहे. माझा रंग केशरी होता, आता तो विटून मातकट झाला आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्या शिवप्पांच्या घरी, कपाटातल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत माझा मुक्काम असतो.

सोलापूरच्या पुरवठा कार्यालयातल्या एका टेबलावर माझा जन्म झाला. कारकुनाने निळ्या शाईने माझ्यात चार नावं लिहिली: शिवप्पा, त्यांची पत्नी चन्नम्मा, मुलगी काव्या आणि धाकटा राजशेखर. शिवप्पांनी मला सदऱ्याच्या आत घालून सायकलवरून घरी आणलं.

तेव्हा माझा मान मोठा होता. साखर, रॉकेल तर माझ्यावर मिळायचंच, पण गॅस असो, विजेचं मीटर असो, शाळेतला प्रवेश असो, आधी माझी आठवण व्हायची. घरात कुठलाही फॉर्म आला की शिवप्पा म्हणायचे, "कार्ड काढा आन त्याच्यावरनं लिवा. आपल्या मनाचं कायबी लिवायचं न्हाय." मग दोन्ही मुलं फरशीवर पालथी पडून माझ्यावरची नावं उतरवून घ्यायची.

काव्याचं लग्न झालं. मुलगी सासरी गेली की तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करतात आणि तसा दाखला देतात. कारकुनाने पट्टी ठेवून तिच्या नावावर लाल रेघ ओढली, बाजूला सही केली. मला काही दुखलं नाही. काव्या नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. इकडे रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं आणि माझी पानं उघडायचं कुणाला कारण उरलं नाही.

मग राजशेखरची निवड झाली. हैदराबादजवळ संरक्षण खात्याची एक प्रयोगशाळा आहे, तिथे तंत्रज्ञाची जागा. तोवर तो एमआयडीसीतच यंत्रं दुरुस्त करायचा. रुजू होण्याआधी पडताळणीचा फॉर्म आला, चांगला आठ पानांचा. शिवप्पांनी मला बाहेर काढलं.

भावंडांच्या रकान्यापाशी राजशेखरचं पेन थांबलं. "अप्पा, हितं भाऊ-बहिणी, त्यांचं नागरिकत्व, सगळं इचारलंय. फुडं परदेशातले नातेवाईक पण. काव्याक्काचं लिवू?"

"कार्डात हाय का तिचं नाव?"

"कापलंय की."

"मग? ती आता त्यांच्या घरची. परदेस म्हटलं की शंभर चौकशा लागतेत मागं."

चन्नम्मा भाकरी थापताना म्हणाल्या, "लिही की रे. पोटची हाय ती."

"तुला काय कळतंय त्यातलं?" शिवप्पा म्हणाले.

राजशेखरने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही रकान्यांत लिहिलं, 'निरंक'. फॉर्मच्या वरच छापलेलं होतं की माहिती दडवल्यास उमेदवार अपात्र ठरेल. ते त्याने वाचलं होतं.

महिन्याभराने चौकशीला हवालदार आले. मला टेबलावर मांडून ठेवलं होतं. चन्नम्मांनी चहा दिला आणि बशीत चॉकलेटं ठेवली.

"घ्या की सायेब. लेकीनं धाडल्याती, कॅनडावरनं!"

हवालदारांनी एक चॉकलेट खिशात टाकलं. "आमच्या पोरीला होईल. कॅनडा म्हणजे लई लांब की ओ मावशी. किती वर्षं झाली?"

"सात. आता तर तिथलीच नागरिक झालीया म्हणं."

त्या फार अभिमानाने बोलत होत्या. शिवप्पा खोकले, पुन्हा खोकले. हवालदारांनी वही काढून लिहून घेतलं आणि चहा संपवला.

तीन महिन्यांनी पत्र आलं. निवड रद्द. राजशेखर मला घेऊन हैदराबादला गेला. तिथल्या अधिकारी बाईंनी मला उघडलं, लाल रेघ पाहिली. त्या हिंदीत शांतपणे बोलल्या. बहीण परदेशी नागरिक आहे एवढ्यावर कुणाला घरी पाठवत नाहीत. ती काय करते, तुमचं किती बोलणं होतं, तिच्याकडून कुणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का, हे तपासून ठरवतात. "पण जे नातं तुम्ही लिहिलंच नाही, ते आम्ही कसं तपासणार?" मग त्यांनी मला मिटून त्याच्या हातात परत दिलं.

 येताना गाडीत राजशेखर मला मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत राहिला.

रविवारी काव्याचा फोन आला. "राजू, माझ्यामुळं गेली काय रे नोकरी?"

"न्हाय अक्का. तुझ्यामुळं न्हाय." मग त्याने सांगून टाकलं, "तुझं नाव लिवलंच न्हाय आमी."

 पलीकडून तिने आईचं विचारलं, "अव्वा जेवली का?"

राजशेखर पुन्हा एमआयडीसीत जातो. शिवप्पा आता फॉर्मविषयी काही सांगत नाहीत. काव्याचा फोन दर रविवारी येतो, पण लवकर संपतो.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. फाटलं तरी चालेल. एवढंच सांगायचं आहे, की कुणाच्या वाट्याला किती साखर, एवढंच मला ठाऊक होतं. तुमच्या घरात माणसं किती, असं कुणी कधी विचारलं, तर माझी पानं उलटू नका. आईला विचारा, आणि ती सांगेल ते सगळं लिहा.