ठोक्याचा डबा

शिवणाच्या खोलीत शिवण कमी आणि सोल्डरचा धूर जास्त, अशी अवस्था होऊन बरीच वर्षं झाली होती. वडील होते तोवर इथे कापडाचे तागे पसरलेले असत. ते गेल्यावर धाकट्याने त्यांचं कापायचं टेबल बळकावलं आणि गिटारवाल्यांची आवाज बदलणारी पेडलं दुरुस्त करायला घेतली. वडिलांचं पायाने चालवायचं मशीन तेवढं खिडकीशी राहिलं. आई त्यावर अजून शिवायची, आणि धाकट्याचा पसारा तिच्यापर्यंत सरकत आला की एक शब्द न बोलता पायाने मागे लोटायची.

त्या दुपारी थोरला आला तो तणतणतच. हातातला डबा त्याने टेबलावर आपटला.

"काल पुन्हा अब्रू काढली तुझ्या डब्याने!"

"आपटू नकोस. आणि चपला बाहेर काढ आधी."

थोरल्याने उंबऱ्याबाहेर चपला झटकल्या. त्या जाऊन धाकट्याच्या चपलांशेजारी पडल्या. दोन्ही जोडांत उजव्या चपलेचं टोक झिजून पातळ झालं होतं. कोपऱ्यावरचा चपला शिवणारा मागे म्हणालाही होता, "दोघं भाऊ एकाच पायाने चालता की काय?" त्यावर दोघं पोट धरून हसले होते.

डब्याची गोष्ट अशी. थोरला एका बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि त्याच्या पायाशी तीन पेडलं असायची. एक सुराचे पडसाद काढायचं, दुसरं आवाज थरथरवायचं, तिसरं तो गरगर फिरवायचं. तिघांची गती वेगवेगळी लावावी लागे, आणि गाणं अर्ध्यावर आलं की तिघांची तोंडं तीन दिशांना. म्हणून धाकट्याने हा डबा बनवला. पत्र्याची छोटीशी पेटी, वर पायाने दाबायचं एकच बटण. गाण्याच्या लयीत पायाने ठोके देत राहायचं. डबा दोन ठोक्यांमधलं अंतर मोजणार आणि तिन्ही पेडलांना तीच गती देणार. पहिल्यांदा तिघांचे लाल दिवे एकदम लुकलुकले तेव्हा थोरल्याने धाकट्याला कडेवर घेतल्यासारखं उचललं होतं. थोरल्याने कौतुक करायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. त्यामुळे धाकट्याचे पाय पुढे बरेच दिवस जमिनीला लागत नव्हते.

मग डबा बिघडला. म्हणजे बिघडला असं सगळे म्हणायला लागले. ठोका जरा मागेपुढे पडला की गती बदलते, गती बदलली की पडसाद ताणले जातात, आणि गिटार कोणी आजारी माणूस कण्हावा तशी कण्हते. पूर्वी पेडलं तीन तऱ्हांनी वाजत, तेव्हा असलं काही त्या गोंधळात खपून जायचं. आता एका गतीत बांधल्यामुळे तिघं एकदम कण्हत. बँडमधल्या ड्रमवाल्याला सगळे ढोल्या म्हणत, आणि त्याचं तोंड त्याच्या ड्रमपेक्षा मोठं. तो काल सगळ्यांसमोर म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि वर हेही म्हणाला, की असंच चाललं तर दौऱ्यावर दुसरा गिटारवाला बघावा लागेल.

"दौरा गेला तर मी काय करू रे?" थोरला स्टुलावर बसत म्हणाला. "दुसरं काही येतं का मला?"

"जाणार नाही दौरा. बटण खराब आहे, दुसरं काही नाही. हे बघ, आज नवीन आणलंय. दणकट."

धाकटा हे उगाच धीर द्यायला म्हणत नव्हता. त्याने डबा नीट तपासला होता. बटण बाजूला काढून यंत्राने ठोके दिले, की दिवे घड्याळासारखे चालत. आत दोष नाही, म्हणजे राहिलं काय? बटण. त्याने मऊ बटण लावून पाहिलं, कडक लावून पाहिलं. कण्हणं काही जाईना.

पण खरं सांगायचं तर बटणाला दोष देताना धाकट्याला आनंदच होत होता. कारण ते कण्हणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला बटण आठवलंच नव्हतं. त्याला वडिलांची टीप आठवली होती.

वडिलांचा कंपवात पायापासून सुरू झाला. मशीनवरचा त्यांचा पाय अडखळायला लागला आणि टीप एक लांब, एक आखूड पडायला लागली. त्यांच्या चाळिशीचीच गोष्ट. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, तशी आई वडिलांचा दुपारी डोळा लागला की त्यांची टीप उसवायची आणि स्वतः पुन्हा घालायची. धाकट्याने लहानपणी हे दाराआडून पाहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! वडिलांनाही शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपलं काम ठीक चाललंय. डॉक्टरकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी त्यांना पाय जमिनीवर आपटत राहायला सांगितलं. पहिले ठोके बरे पडले, मग पाय कमी कमी उचलला गेला, मग चुकला. डॉक्टर आईला म्हणाले होते, "काही घरांत हे पुढे उतरतं. मुलांवर लक्ष ठेवा." आईने हे मुलांना एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

म्हणून डबा पहिल्यांदा दुरुस्तीला आला तेव्हा धाकट्याच्या मनात पहिलं आलं ते एकच. दादाचा पाय! दार लावून त्याने स्वतः बटणावर पाय ठेवला होता आणि ठोके दिले होते. गिटार त्याच्या पायाखालीही तशीच कण्हली. तेव्हा तो एकटाच मोठ्याने हसला होता. दोष दादाचा नाही, बटणाचा आहे!

आता त्याने नवीन बटण बसवलं, तारा जोडल्या, तिन्ही पेडलं जमिनीवर ओळीने मांडली. थोरल्याने गिटार गळ्यात अडकवली. खिडकीशी आईचं मशीन एकसारखं चालू होतं.

"दे ठोके," धाकटा म्हणाला.

थोरल्याने तार छेडली आणि ठोके द्यायला लागला. दिवे लुकलुकले, जरा वेळ बरे चालले, मग अडखळले. गिटार कण्हली.

"ऊठ, मी बघतो. तू नुसती तार छेड."

धाकट्याने पाय ठेवला. त्याचेही पहिले ठोके छान पडले. मग दिवे रेंगाळले, मग घाई करू लागले. गिटार कण्हली.

"बघ! माझ्या पायालाही तेच. हेही बटण भिकार निघालं!"

थोरल्याने मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तुला म्हणून सांगतो, मी घाबरलो होतो रे. मला वाटलं, बाबांसारखं..."

"मलाही वाटलं होतं. पण दोघांना एकदम होतंय म्हटल्यावर बटणच की!"

दोघं हसले. आणि हसता हसता धाकट्याच्या लक्षात आलं, की खोलीत दुसरा कसलाच आवाज नाही. आईचं मशीन थांबलं होतं.

ती वळून बसली होती. मांडीवरचं कापड तिने बाजूला ठेवलं. "काय करायचं असतं त्याच्यावर?"

"आई, तुझं काय काम यात? तू शीव."

"विचारलं ते सांग."

"लयीत पाय दाबायचा. मशीनवर दाबतेस तसा. बस."

आई उठून आली. टेबलाला धरून तिने उजवा पाय बटणावर ठेवला. थोरल्याला गंमत वाटली. त्याने तार छेडली आणि आईने ठोके द्यायला सुरुवात केली.

दिवे लुकलुकले. धाकटा ते अडखळायची वाट बघत राहिला. ते अडखळले नाहीत. पडसाद स्वच्छ, एकामागे एक, मोजून मापून येत राहिले. त्याने अजून थोडी वाट पाहिली. हेच बटण होतं, ह्याच तारा होत्या.

"अरे वा!" थोरला म्हणाला. "आता दौऱ्यावर आईलाच..." त्याने आधी आईच्या पायाकडे पाहिलं आणि मग धाकट्याच्या.

धाकटा जमिनीवर बसला. दादाचा पाय तपासायला त्याने माप म्हणून घेतलं होतं ते काय, तर त्याच बापाच्या दुसऱ्या पोराचा, म्हणजे स्वतःचा पाय! आणि ते माप जुळलं म्हणून तो हसला होता. त्याला भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी सरळ भीती. आईच्या कुशीत शिरावंसं वाटलं, पण आई ठोके देत होती.

ती थांबत नव्हती. तिची नजर उंबऱ्यापलीकडच्या चपलांच्या झिजलेल्या टोकांवर होती.

"आई, पुरे," थोरला हळूच म्हणाला.

"थांबले की बोलावं लागेल," आई म्हणाली. पाय चालूच होता.

"मग बोल."

तिने पाय उचलला. टेबलावरचा हात मात्र सोडला नाही. "त्यांची टीप मी उसवून पुन्हा घालत राहिले. वाटलं, सांभाळतेय मी. वेळ घालवली त्यांची." तिने दोघांच्या पायांकडे पाहिलं. "तुमची टीप नाही मला घालता येणार. उद्या डॉक्टरकडे जायचं. दोघांनीही."

"बटण एकदा बदलून..." धाकट्याने तोंड उघडलं.

"नको," थोरला म्हणाला. त्याने गिटार गळ्यातून काढून भिंतीला टेकवली आणि येऊन धाकट्याजवळ खाली बसला.

डब्यावर कोणाचाच पाय नव्हता. पण शेवटची मिळालेली गती धरून ठेवायची, असंच धाकट्याने तो बनवला होता. तिन्ही दिवे आईच्या ठोक्यावर लुकलुकत राहिले, आणि वायर ओढायला कोणी उठलं नाही.