रविवारचं तेल

माझ्या मुलीला सकाळी उठवणं काय असतं ते मला विचारा. शाळेत असताना मी हाका मारून दमायचे, मग माझा नवरा श्रीनाथ वर जाऊन पांघरूण ओढायचा, आणि तरी बस चुकायचीच. तीच ऋचा, आता चोवीस वर्षांची, गेली काही वर्षं दर रविवारी अलार्म न लावता पहाटे उठते, आमच्या न्यू लिन उपनगरातून शेजारच्या अवोन्डेलला जाते आणि तिथल्या तिबेटी गोम्पात मूर्तीपुढच्या सात वाट्या पाण्याने भरते. कुणी उठवावं लागत नाही.

गोम्पा म्हणजे त्यांचा मठ आणि देऊळ एकत्र. अवोन्डेलचा हा गोम्पा रविवारच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जुन्या लाकडी घरात आहे. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर रंगीत पताका, पुढच्या खोलीत हिरव्या तारादेवीची मूर्ती, आणि सगळ्यावर देखरेख करायला आनी-ला. भिक्षुणीला तिबेटीत मानाने आनी-ला म्हणतात. ही मात्र तिबेटची नाही, साउथलंडला, म्हणजे इथल्या पार दक्षिण टोकाला, मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेली गोरी बाई आहे. वय साठीचं, अंगावर लाल वस्त्रं, तुळतुळीत डोक्यावर लोकरीची टोपी आणि पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. मला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली.

माझ्याही घरी देवघर आहे. सागवानी, पुण्याहून कंटेनरमधून आणलेलं. ऋचाने त्यापुढे आजवर एक फूल वाहिलेलं नाही. "आई, आय डोन्ट फील इट," म्हणायची. मीही कधी जबरदस्ती केली नाही. मुलगी नास्तिक निघाली, असं स्वतःला समजावलं होतं. नास्तिक मला चालली असती. पण दुसऱ्या बाईच्या देवापुढे तिला सगळंच फील व्हायला लागलं, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गेल्या जूनमध्ये त्यांच्या पंचांगाप्रमाणे बुद्धपौर्णिमा होती, तेव्हा मी मुद्दाम गेले. म्हटलं, बघू तरी तिथे काय जादू आहे. ऋचाने मला वाट्या कशा मांडायच्या ते शिकवलं. वाटी आधी पुसून पालथी ठेवायची. सुलटी करायची ती तळाशी थोडं पाणी घालूनच, कारण देवापुढे रिकामी वाटी ठेवत नाहीत. दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढं अंतर. पाणी काठापासून तेवढंच खाली. मी घाईत एक वाटी कोरडीच ठेवली, तर तिने माझं मनगट धरलं. "नॉट एम्प्टी, आई." ज्या घरातून शेजारणीचा डबा कधी रिकामा परत गेला नाही, त्या घरच्या बाईला हे ऐकावं लागलं, तेही स्वतःच्या मुलीकडून.

संध्याकाळी वाट्या रिकाम्या करायची वेळ आली. एक वाटी माझ्या हातात होती, समोर श्रीनाथ उभा होता, आणि माझा हात सवयीने चालला. मी त्याच्या तळहातावर पाणी घातलं. तोही आज्ञाधारकपणे ते प्यायला आणि त्याने ओला हात डोक्यावरून फिरवला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या एका गोऱ्या गृहस्थाला वाटलं, आज काहीतरी विशेष आहे. त्याने हात पुढे केला. त्याच्या मागे एका म्हातारीने. बघता बघता रांग लागली.

ऋचा धावत आली. "आई, दॅट्स फॉर द प्लान्ट्स."

ते पाणी त्यांच्यात झाडांना घालतात. तीर्थ वगैरे काही नसतं. मी वाटी खाली ठेवायला गेले. तेवढ्यात आनी-ला पुढे आली, तिने तळहात पुढे केला, पाणी प्यायली, आणि श्रीनाथसारखाच हात डोक्यावरून फिरवला. "थँक यू, सुमेधा," म्हणाली.

तिने रागवायला हवं होतं. रागावली असती तर मला घरी जाऊन चार दिवस तिला नावं ठेवता आली असती. ऋचा मात्र तिच्याकडे मऊ नजरेने बघत होती. माझ्याकडे ती तशी कधी बघितल्याचं मला आठवेना.

तरी माझ्याकडे एक गोष्ट होती, जी त्या बाईकडे नव्हती. रविवारचं तेल. ऋचाचे केस माझ्या आईवर गेलेत, दाट आणि कमरेपर्यंत. दर रविवारी साडेबाराला ती गोम्पातून येते, माझ्या खुर्चीपुढे पाट घेऊन बसते, आणि मी कोमट खोबरेल तेल तिच्या डोक्यात जिरवते. तेवढा अर्धा तास ती मराठी बोलते. एरवी मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असंच आमचं चालतं. पण तेल लावताना ती डोळे मिटते आणि कुठून कोण जाणे, मराठी यायला लागते. मोडकीतोडकी असते, पण माझी असते. ऑफिसातली भांडणं, आवडलेला आणि मग न आवडलेला मुलगा, झोप न येणं, सगळं मला त्या पाटावर कळलं. फक्त एकच गोष्ट मला खटकायची. ती नेहमी धापा टाकत यायची, दारातच बूट भिरकावायची आणि आधी घड्याळ बघायची. म्हटलं, ती बाई हिला वेळेवर सोडत नसणार.

त्याच पाटावर मार्चमध्ये एकदा ती म्हणाली, "आई, मला आनी व्हायचंय."

माझी बोटं तिच्या केसांतच थांबली. "म्हणजे हे केस?"

"केस जाणार."

लग्न, नोकरी, नातवंडं, काहीच माझ्या डोक्यात आलं नाही. फक्त केस आले. केस गेले की पाट गेला, पाट गेला की मुलगी गेली. "त्या बाईने सांगितलं ना तुला?"

"नो. शी टोल्ड मी टू वेट. अँड शी सेज आय हॅव टू आस्क यू."

"विचारलंस? मग नाही."

ती भांडली नाही. भांडली असती तर मला जोर आला असता. पुढच्या रविवारी साडेबाराला आली, पाटावर बसली, मी तेल लावलं, ती उठून गेली. मराठीतही काही बोलली नाही आणि इंग्रजीतही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. श्रीनाथ म्हणाला, "अगं, तू तरी बोल." मी म्हटलं, मी का बोलू, तिला बोलायला दुसरी आई मिळाली आहे.

गेल्या रविवारी श्रीनाथ बाजारातून मेथी आणायला गेला होता. बाराच्या सुमारास बेल वाजली. दारात आनी-ला. हातात माझा स्टीलचा डबा, गुढीपाडव्याला मी शंकरपाळे भरून पाठवलेला. ते शंकरपाळे मी काही प्रेमाने पाठवले नव्हते. माझ्या हातचं काय असतं ते तिला एकदा कळावं, एवढ्यासाठीच पाठवले होते. आता डब्यात फिजोआ होते, पेरूसारखी हिरवी फळं, गोम्पाच्या अंगणातल्या झाडाची.

"रिकामा कसा परत करायचा," ती म्हणाली.

हेही हिला ठाऊक. मी तिला आत घेतलं आणि चहा टाकला. आम्ही बोललो अर्थात इंग्रजीत, पण मला ते मराठीतच आठवतंय.

"ऋचाला माहीत नाही मी आले आहे ते," ती म्हणाली. "आज स्वयंपाक दुसऱ्यांवर सोपवून निघाले. तुम्हाला एक नियम सांगायचा होता. दीक्षा देण्याआधी आम्हाला विचारावं लागतं, आई-वडिलांची परवानगी आहे का. नसेल तर दीक्षा नाही."

"चोवीस वर्षांच्या मुलीलासुद्धा?"

"तिलासुद्धा. मला तो मोडायचा नाही. तो शुद्धोदनाने मागून घेतलेला आहे."

शुद्धोदन म्हणजे बुद्धाचे वडील, एवढं मला माहीत होतं. पुढचं तिने सांगितलं. मुलगा आधीच घर सोडून गेला होता. मग एक दिवस त्याने न विचारता नातवालाही दीक्षा दिली, तेव्हा म्हातारा त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, हे दुःख कातडी फाडून हाडापर्यंत जातं, यापुढे विचारल्याशिवाय कुणाचं मूल नेऊ नका. बुद्धाने ते मानलं. तो म्हातारा मला एकदम माझ्या माहेरचा वाटला.

"मग माझं उत्तर नाही असंच आहे," मी म्हणाले. "श्रीनाथ हो म्हणेल. तो सगळ्यालाच हो म्हणतो. पण माझं नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि चहा पिऊ लागली.

मी जिंकले होते. इतकी वर्षं जिच्यावर जळत होते, तिला मी एका शब्दात दाराबाहेर ठेवलं होतं. पण बाई समोर बसून शांतपणे बिस्किट बुडवून खात होती आणि मला काही गोड लागेना.

"आता एक सांगते," ती म्हणाली. "भिक्षुणीने सांगू नये असं आहे. आमच्याकडे रविवारी सगळे एकत्र जेवतात. ऋचा इतकी वर्षं येते आहे, एकदाही जेवायला थांबलेली नाही. पानं मांडायला मदत करते, सगळ्यांना वाढते आणि स्वतः बूट घालते. मी म्हणते, आज थांब, सूप तरी घे. ती म्हणते, नाही, आईचं तेल आहे. मग बाजाराच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की उतरून चालत सुटते. मी खिडकीतून बघते. आणि मला तुमचा हेवा वाटतो, सुमेधा. गेल्या महिन्यापासून तुम्ही बोलत नाही म्हणून ती रडते, तरी साडेबारा चुकवत नाही."

'तेल' हा शब्द तिने मराठीत उच्चारला, साउथलंडच्या वळणाने.

म्हणजे ती धाप माझ्यासाठी होती. दारातून आधी घड्याळ बघायची तीही माझ्यासाठीच. माझा हेवा आजवर कुणी केला नव्हता, निदान तोंडावर सांगून तरी नाही. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. आणि मग मला फार भीती वाटली, कारण एवढं सगळं ज्या केसांवर उभं होतं, तेच केस जायचे होते.

"केस गेल्यावर ती कशाला येईल?" मी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं.

आनी-लाने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. इथे थंडी एप्रिल-मेमध्येच येते, ती नुकती सुरू झाली होती, तरी टाळू कोरडी पडून भेगाळली होती आणि कानामागे खपल्या धरल्या होत्या. वस्तरा फिरवायचा आणि वर लोकर घासायची, दुसरं काय होणार. "हिवाळ्यात हे असं होतं," ती म्हणाली.

"काही लावत नाही का?"

"औषध म्हणून चालतं. पण मागे हात पोचत नाही, आणि लावायला कोण आहे?"

तेल साडेबारासाठी कोमट करून ठेवलेलंच होतं. मी वाटी आणली आणि म्हटलं, पाटावर बसा. ती गुडघे सांभाळत बसली. बिनकेसांच्या डोक्याला तेल लावायचा माझा हा पहिलाच प्रसंग. केसांत निम्मं तेल वाटेतच मुरतं, इथे सगळं थेट टाळूला लागत होतं. बोटांखाली कवटीचा उंचवटा लागत होता, कानामागची शीर लागत होती. लहानपणी जावळ काढल्यावर ऋचाचं डोकं असंच लागायचं. आनी-लाने डोळे मिटले आणि तिचे खांदे खाली आले.

दार धाडकन उघडलं. बूट भिरकावल्याचा आवाज झाला. ऋचा धापा टाकत आत आली, सवयीने घड्याळाकडे बघितलं, मग पाटाकडे. आनी-ला इथे कशी, काय झालं, असं काहीच तिने विचारलं नाही. तिचा खालचा ओठ पुढे आला, जसा लहानपणी दुसऱ्या कुणाला मांडीवर घेतलं की यायचा.

"आई," ती म्हणाली, "आज माझा वार आहे."

मराठीत म्हणाली, आणि चांगली रागावून म्हणाली. तिच्या त्या आनी-लाकडे, जिच्याकडे बघताना तिची नजर नेहमी मऊ व्हायची, ती डोळे बारीक करून बघत होती. आनी-ला घाईघाईने उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"यांचं होऊ दे, मग तू," मी ऋचाला म्हणाले. "आणि ऐक. तुला जे करायचं ते कर, माझी परवानगी आहे. पण डोक्यावर केस असोत नाहीतर नसोत, रविवारी साडेबाराला मला तू या पाटावर पाहिजेस."