हात काढलेल्या हापशाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे आणि मी खुनशी आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्या लोखंडानं गोड गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर दुसऱ्या कुणाकडे जा.

धामणगाव बढ्याच्या अलीकडे आमचं लहानसं गाव आहे. चढावर वरचं वेटाळ, म्हणजे वरची वस्ती, उतारावर खालचं. एका कोरड्या साली खालच्या वेटाळाच्या तोंडाशी बोअर मारलं आणि त्यावर मला बसवलं. बायांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शालूबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि म्हणाली, "गोड आहे बाप्पा पाणी!" झालं, तेव्हापासून मी तिचा.

मग मी राबलो. पोरं माझ्या दांड्याला लोंबकळली, म्हशी माझ्या पायाशी चिखलात लोळल्या. लोक दांडा म्हणतात, पण मित्रांनो, तो माझा हात. आतला वायसर झिजला की पंचायतीचे भगवानराव येऊन बदलायचे, ग्रीस घालायचे. कधी विसरायचेही. मी कुरकुरायचो, पण पाणी द्यायचो.

मग नवी योजना आली. पाणीपुरवठ्याच्या मंजुश्री मॅडमनी गावसभेत सगळं समजावून सांगितलं. याच बोअरमध्ये सौरपंप सोडायचा, शेजारी पॅनल उभे करायचे, वर टाकी बांधायची, घरोघरी नळ न्यायचे. "ऊन असलं की मोटार चालेल, नसलं की हापसा. दोघंही एकाच बोअरवर राहतील," असं त्या म्हणाल्या. खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हातारपणी जोडीदार कुणाला नको असतो?

पण मॅडमची गाडी गावाबाहेर पडली आणि रंगराव पुढे झाला. सरपंच त्याची बायको पुष्पांजली, कारभार मात्र याचा. नळ वरच्या वेटाळात गेले. खालच्यांना 'पुढच्या टप्प्यात' म्हणून वाटेला लावलं. मग हा माझ्यापुढे उभा राहिला आणि माणसांना म्हणाला, "खालचे लोक दिवसभर हापसत राह्यले, तं आपली टाकी भरन कशी? काढा बे याचा दांडा!"

काढला! बोल्ट सोडले, साखळी सोडली आणि माझा हात पंचायतीमागच्या भंगारात फेकला. मी तोंड वासून उभा राहिलो. शालूबाईनं मात्र सगळ्यांदेखत तो दांडा उचलून खांद्यावर टाकला.

रंगराव हसला. "काय करशीन वं शालू त्याचं? चुलीत घालशीन?"

"कामी पडीन एखाद्या दिवशी," एवढंच बोलून ती चालू लागली.

रंगरावच्या धाकानं दांडा परत बसवायला कुणी धजेना, म्हणून खालच्या वेटाळाच्या बाया आता लांब शेतातल्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. शालूबाईची सून अश्विनी पोटुशी होती. भरला हंडा घेऊन उतरताना तिचा पाय घसरला. पोटातलं बाळ वाचलं, हात मोडला. तिला माझ्यासमोरूनच दवाखान्यात नेलं. ती विव्हळत होती आणि माझ्या पोटात पाणीच पाणी होतं. त्याच दिवशी मी ठरवलं, रंगराव, तुझा घाम काढीन. सौरपंपावर माझा राग नव्हता. तो बिचारा माझ्या पोटात खाली गुणगुणत सांगितलं तेवढं काम करायचा.

माझी वेळ हिवाळ्यात आली. अवकाळी आभाळ दाटलं ते हटेचना. पॅनल नुसते उभे, टाकी खडखडीत. आणि नेमका रंगरावच्या लेकीचा, अर्पिताचा साखरपुडा! टँकरवाला संध्याकाळशिवाय येत नाही म्हणाला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला रंगराव मोठा ड्रम घेऊन खालच्या वेटाळात आला.

"शालूबाई, दांडा द्या नं. देऊळगाव राजाहून पाहुणे निघाले, घरात घोटभर पाणी नाई."

बघा, शालूची शालूबाई झाली!

"घ्या नं," ती म्हणाली. "पण हापसाचं तुम्ही. आधी आमचे हंडे, मंग तुमचा ड्रम."

"मी हापसू?"

"काऊन? माह्या सुनेचा हात तं मोडला. तिच्या वाट्याचं कोण हापसन?"

वेटाळातल्या दीपकनं पान्यानं माझा हात पुन्हा जोडला. रंगरावानं बाह्या सारल्या आणि सुरुवात केली. पाणी खाली भरपूर होतं हो, पण मी वर येऊच दिलं नाही. खटाक, खटाक, नुसता कोरडा आवाज. बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "जोरानं हापसा रंगराव, जेवले नाई का?" शर्ट पाठीला चिकटला, तेव्हा मी धार सोडली. मग हंडे आले, गुंड्या आल्या, कळश्या आल्या. एक म्हातारी तर नुसता तांब्या घेऊन पुन्हा पुन्हा रांगेत येत होती. वरचं वेटाळ चढावर उभं राहून बघत होतं. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली, तीही इथंच थांबली. व्याही काचेतून बघतच राहिले. वा! माझं काळीज थंड झालं.

रंगरावच्या तळहातांवर फोड आले, तेव्हा शालूबाईच म्हणाली, "दीपक, सोडव त्याले. ड्रम तू भर." शिवाय घरी नेऊन तिनं त्याला चहाही पाजला. अश्विनीनं डाव्या हातानं कप पुढे केला, तेव्हा त्याला मान वर करवेना.

उन्हाळ्याआधी खालच्या वेटाळात नळ आले. माझा हात जागेवर राहिला.

मित्रांनो, उन्हावर पंप चालवा, टाक्या बांधा, चांगलंच आहे. पण जुन्याला वेळेवर ग्रीस घाला, वायसर बदला आणि कुणाच्या तोंडचं पाणी तोडू नका. शालूबाईनं रंगरावला माफ केलं. मी केलेलं नाही. आजही आभाळ आलं की तो बादली घेऊन येतो, आणि मी त्याला बराच वेळ कोरडाच हापसायला लावतो.