गोबरगॅसची वाटणी

"हड! हड! जळालं मेलं तुमचं तोंड!"

साळूबाईनं हातातली पिशवीच कोंबड्यांच्या अंगावर भिरकावली. कोंबड्या दिराच्या, रामरावच्या. फडफडत कुंपणापर्यंत गेल्या आणि तिथं चोची पुसत उभ्या राहिल्या. तीर्थपुरीचा बाजार करून आलेली साळूबाई निंबाखाली गांडूळखताच्या बेडांसमोर थांबली. दोन्ही बेड गोबरगॅसमधून निघणाऱ्या ताज्या, पातळ शेणकाल्यानं, स्लरीनं काठोकाठ भरलेले. गुदमरून वर आलेली गांडुळं काठावर उन्हात वाळली होती. उरलेली कोंबड्यांनी टिपली होती.

नवरा कल्याण गेला आणि घराची वाटणी झाली, तेव्हा सगळं दोन जागी झालं. पण कल्याणनं बांधलेला गोबरगॅस काही मधून कापता येईना. पंचांनी डोकं लढवलं. शेण साळूबाईच्या म्हशींचं, गॅस रामरावच्या शेगडीला आणि बाहेर पडेल ती स्लरी साळूबाईची. "घ्या वैनी, घाण तुमची," म्हणून रामराव हसला होता. त्याच घाणीवर तिनं गांडुळं पाळली. स्लरी खड्ड्यात निवायची, वाळून भुसभुशीत व्हायची, मगच ती बेडावर टाकायची. आता मोसंबीवाले खतासाठी येत आणि रामरावलाच विचारत, "साळूबाईचं घर कोणतं?" ते त्याला फार झोंबे. त्यात नव्या ट्रॅक्टरसाठी त्याला नेमकी निंबाखालचीच जागा हवी होती.

"भाऊजी! खड्ड्याची चारी बेडाकडं कुणी फोडली?"

रामराव ओट्यावर दात कोरत बसला होता. "म्या. खड्डा भरून राह्यल्ता. म्हणलं, वैनी बाजाराला गेल्यात, तेवढीच मदत."

"ताजी स्लरी टाकत न्हाईत. रोज बघून राह्यले की तुम्ही!"

"मला काय करायचं किड्यांचं? मेले तर मेले. जागा तरी मोकळी झाली."

असं तोंडावर! साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते या माणसाला दिसू द्यायचं नव्हतं. "बराबर," ती म्हणाली. "मंग मीबी मदत करते."

दुसऱ्या दिवसापासून गोबरगॅसच्या कुंडीत शेणाची एक पाटी पडली नाही. सगळ्या शेणाच्या तिनं गोवऱ्या थापल्या, आणि थापल्या त्याही मधल्या भिंतीवर, रामरावच्या स्वयंपाकघरासमोर. गॅस आटत गेला तशी लोखंडी टाकी खाली बसत गेली. तिला हिरवा रंग कल्याणनं स्वतः दिला होता. तो रोज थोडा कमी दिसे. साळूबाईला फार वाईट वाटे, तरी हात गोवऱ्याच थापत.

"गॅस पेटना!" जाऊ वंदना भिंतीवरून ओरडली. "सैपाक काय तुमच्या डोक्यावर करू?"

"नवऱ्याच्या डोक्यावर कर. रिकामंच हाय."

मग पलीकडे कापसाच्या ओल्या पऱ्हाट्यांचा धूर सुरू झाला. त्या धुरात सासूचा, तुळजाबाईचा, खोकला ओळखू येई. वाटणीच्या वेळी म्हातारी धाकट्याच्या बाजूनं बोलली आणि त्याच्याकडेच राहिली. तेव्हापासून दोघींत शब्द नव्हता. खोकू दे, साळूबाई मनात म्हणे आणि मग स्वतःवरच चिडे.

एका सकाळी म्हातारी काठी टेकत अलीकडे आली. साळूबाईनं थापायचं थांबवलं नाही.

"गॅससाठी आल्या असाल तर माघारी जा, आत्याबाई."

तुळजाबाईनं पदराखालून एक मडकं काढून खाली ठेवलं आणि त्यावरचं ओलं गोणपाट बाजूला केलं. आत जुन्या शेणमातीत लाल गांडुळं वळवळत होती.

"त्या दिशी त्यो चारी फोडून राह्यल्ता, तवा मी म्हणलं, नको रे. ऐकतो कुठं? मंग कोंबड्यांच्या म्होरून जेवढे घावले तेवढे उचलले. खाटंखाली ठिवल्ते." तिला खोकल्याची उबळ आली. "पाणी कितीक मारावं, ठाऊक न्हवतं. मेले तर न्हाईत ना?"

साळूबाईनं मातीत बोट घातलं. बोटाभोवती एक गार वळवळ झाली.

"न्हाई. जित्ते हायेत," ती कशीबशी म्हणाली.

तिनं हात धुतले, आपली चूल पेटवली आणि चहा ठेवला. वाटणी झाल्यापासून म्हातारी पहिल्यांदाच या चुलीपुढं बसली होती. बशी तिनं दोन्ही हातांनी धरली.

भिंतीपलीकडून रामरावची हाक आली. "माय! ए माय! कुठं गेली?"

तुळजाबाईनं चहावर फुंकर घातली. साळूबाईनं मडकं सावलीला सरकवलं. ओ कुणीच दिली नाही.