अनुसयाबाईंचा लाल चेहरा

वर्धा जिल्ह्यात दारू बंद आहे. बंद आहे म्हणून ती लपून मिळते, आणि कोण लपून पितं हे हुडकण्यात गावाचा निम्मा दिवस जातो. आंजी गावात अनुसयाबाईंनी बायांना गोळा करून नाल्याकाठची भट्टी मोडली, दारूसाठी आंबवलेला सडवा मातीत ओतला, तेव्हापासून त्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष. आणि नेमकं त्यांचंच नाक नि गाल लाल होऊ लागले. भट्टीवाल्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. अध्यक्षीणबाईच चोरून पितात, असं ते सांगत सुटले.

आधी उन्हात, चुलीपाशी किंवा गरम चहा प्यायल्यावर चेहरा तापायचा. मग लाली हटेनाच, वर बारीक पुटकुळ्या आल्या. मंडळातल्या रुख्माबाईंनी आपल्या पोरीची मुरमांवरची ट्यूब दिली. "उष्णता हाय बाई, लाव. चार दिवसांत चेहरा साफ." झालाही साफ. पण लावणं सोडलं की दुपटीनं लाल. म्हणून अनुसयाबाई लावतच राहिल्या.

शेवटी रुख्माबाईच म्हणाल्या, "लोक बोलून राह्यले. येत्या बैठकीत अध्यक्षपद दुसऱ्या बाईले देऊ." अनुसयाबाईंना रडू आलं नाही, संताप आला. दुसऱ्याच दिवशी लेक आचलला घेऊन त्या वर्ध्याला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी आचलच्या कपाळावरचे मुरूम पाहिले. "हिला काळी-पांढरी टोकं दिसतात ना? छिद्रं बुजली की ती येतात. हा मुरमांचा आजार, अॅक्ने. तुमच्या चेहऱ्यावर एकही टोक नाही. बारीक रक्तवाहिन्या फुगल्यात. याला रोझेशिया म्हणतात."

"दारूनं होते का?" अनुसयाबाईंनी सरळ विचारलं.

"थेंब न पिणाऱ्यांनाही होतो. ऊन, तिखट, गरम चहा यांनी भडकतो." अनुसयाबाईंनी दाखवलेल्या ट्यूबवरचं वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ही स्टिरॉइडची आहे. वरवर बरं वाटतं, आतून रोग वाढतो. बंद करा. सुरुवातीला काही दिवस लाली आणखी चढेल, घाबरू नका. जेल देते, उन्हाचं मलम देते. हा रोग मुळातून जात नाही, पण ताब्यात राहतो."

बैठकीत अनुसयाबाई उघड्या चेहऱ्यानं उभ्या राहिल्या आणि त्यांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ट्यूब कुणाची ते सांगितलं नाही. रुख्माबाई मान खाली घालून म्हणाल्या, "अध्यक्ष तूच राह्य बाई." कुणीही हरकत घेतली नाही. घरी येताना अनुसयाबाईंना कितीतरी महिन्यांनी हलकं वाटत होतं.

बंडूजी पडवीत बसले होते. नवऱ्याला सांगायची घाई झाली होती, म्हणून चपला काढता काढताच त्या बोलू लागल्या. रोगाचं नाव, ट्यूब, बैठक. बंडूजींनी सगळं ऐकलं आणि मोठा श्वास सोडला.

"मंग तू पेत नव्हती," ते म्हणाले.

अनुसयाबाईंचा हात चपलेवरच थांबला. "तुमाले काय वाटलं होतं?"

"म्या कुठी काई म्हटलं? वास कदी आला नाई तुह्या तोंडाचा. म्हनून गपच राह्यलो."

म्हणजे बंडूजींनी वास घेतला होता. शेजारी झोपून, त्या झोपल्या असताना. गाव बोललं ते अनुसयाबाईंनी कानाआड केलं होतं, कारण घरात एक माणूस आपल्याला ओळखतो असा भरवसा होता.

आत जाऊन त्यांनी चहा ठेवला. बंडूजींना कप नेऊन दिला. आपल्या कपातला चहा डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे निवायला ठेवला. रोजच्यासारखं त्यांच्याजवळ बसायला त्या गेल्या नाहीत.

"काऊन, आज येत नाई का?" बाहेरून आवाज आला.

"गरम हाय अजून," त्या म्हणाल्या. चहा केव्हाच निवला होता.